धावपळीच्या सकाळी न्याहारीची निवड : पेण व रोहा परिसरातील पोह्यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

सकाळच्या घाईत कमी वेळात होणारी न्याहारी कोणती, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तो धान्यावर होणाऱ्या प्रक्रियेशी, शरीराच्या पोषणाशी आणि घरातील श्रमविभागणीशी निगडित आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा ही गावे पोह्यांसाठी ओळखली जातात. प्रस्तुत लेखात पोहे झटपट का होतात, त्यांच्यातील लोहाविषयीचा रूढ समज कितपत खरा आहे आणि या परिसरात सहज मिळणाऱ्या पदार्थांच्या साहाय्याने पोह्यांची न्याहारी परिपूर्ण कशी करता येईल, याचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : न्याहारी, पोहे, पेण, रोहा, लोह, रक्तक्षय, श्रमविभागणी

१. प्रस्तावना

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले. या जिल्ह्यातील पेण हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, तर रोहा हे कुंडलिका नदीच्या काठी वसलेले आहे. दिवा-रोहा लोहमार्गाने ही दोन्ही गावे पनवेल व ठाण्याशी जोडली गेली असून कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासूनच होतो. रोह्यालगत धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे. पेण गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्यामुळे या परिसरातील सकाळ अनेक प्रकारच्या घाईने सुरू होते. गाडी गाठणारा नोकरदार, पहिल्या पाळीला निघालेला कामगार, सकाळच्या सत्रासाठी खेड्यातून एस. टी.ने येणारी विद्यार्थिनी आणि या सर्वांच्या आधी उठून चूल पेटविणारी गृहिणी, हे सारे एकाच तासाच्या चौकटीत वावरत असतात.

या घाईत न्याहारीचे तीन मार्ग सामान्यतः दिसून येतात. पहिला, घरी काहीतरी झटपट करून खाणे. दुसरा, स्थानकाबाहेर किंवा उपाहारगृहात वडापाव अथवा तत्सम पदार्थ घेणे. आणि तिसरा, चहा-बिस्किटांवर भागवून न्याहारी टाळणे. महाविद्यालयातील प्राध्यापकांना तिसऱ्या मार्गाचे परिणाम सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासिकेला पेंगुळलेल्या चेहऱ्यांच्या रूपाने दिसत असतात. पहिल्या मार्गाचा विचार करता पेण-रोहा परिसरात सर्वांत आधी आठवतात ते पोहे. येथील भातशेती, पोह्यांच्या गिरण्या आणि पेणच्या घरगुती उद्योगांतून तयार होणारे पोह्यांचे पापड व मिरगुंडे यांमुळे पोहे हा येथील केवळ आहाराचा नव्हे, तर उपजीविकेचाही भाग झाला आहे. म्हणून न्याहारीच्या निवडीचा विचार करण्यासाठी हा परिसर उचित उदाहरण ठरतो.

२. 'झटपट' या संकल्पनेचा अर्थ

एखादा पदार्थ झटपट होतो, याचा अर्थ त्यासाठी लागणारे श्रम नाहीसे होतात असा नाही. ते श्रम दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या ठिकाणी झालेले असतात, एवढेच. आंबोळी सकाळी लवकर होते, कारण तांदूळ व डाळ भिजविणे, वाटणे आणि पीठ आंबविणे ही कामे आदल्या दिवशी उरकलेली असतात. थालीपीठ लवकर होते, कारण भाजणी महिन्यापूर्वीच भाजून दळून ठेवलेली असते. वडापाव क्षणात हाती पडतो, कारण बटाटे उकडण्याचे काम विक्रेत्याने पहाटेच केलेले असते. बिस्किटांच्या बाबतीत ते काम कारखान्यात झालेले असते.

या दृष्टीने पाहिल्यास न्याहारीची निवड करताना विचारावयाचा प्रश्न 'किती मिनिटांत होते' एवढाच राहत नाही. 'उरलेले काम कोणी व कोठे केले आणि ते करताना धान्याचे काय झाले' हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. श्रम वाचविताना धान्यात मैदा, साखर, मीठ व तेल यांची भर पडली असेल, तर वाचलेल्या वेळेची किंमत अन्य रीतीने मोजावी लागते. पोह्यांच्या बाबतीत हे श्रम गिरणीत होतात. तेथे नेमके काय घडते, हे पाहणे त्यामुळे आवश्यक आहे.

३. भाताचे पोहे होताना

पोहे तयार करण्याची प्रक्रिया मूलतः साधी आहे. स्वच्छ केलेले भात, म्हणजे तुसासहित असलेले धान्य, गरम पाण्यात भिजत घालतात आणि कित्येक तास, बहुधा रात्रभर, तसेच ठेवतात. नंतर पाणी निथळून ते भट्टीवर तापविलेल्या वाळूत भाजले जाते. दाणा गरम व मऊ असतानाच तो चेपला जातो. पूर्वी हे काम उखळात मुसळाने होत असे. आता ते यंत्रावर चालणाऱ्या लोखंडी घाण्यात होते. चेपताना तूस व कोंड्याचा काही भाग सुटतो आणि चाळणीने तो वेगळा काढला जातो. दाणा किती वेळ व किती दाबाखाली राहिला, यावरून जाड, मध्यम किंवा पातळ पोहे तयार होतात.

या प्रक्रियेतील शास्त्रीय बाब अशी की, भिजलेल्या दाण्याला उष्णता मिळाल्यावर त्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची मूळची घट्ट रचना मोडते. तांदूळ शिजताना भांड्यात जे घडते, तेच येथे भट्टीवर मोठ्या अंशी घडून गेलेले असते. त्यानंतर दाणा चपटा झाल्याने त्याचा पृष्ठभाग वाढतो व जाडी घटते. परिणामी स्वयंपाकघरात पोह्यांवर पाणी घातल्यावर ते काही मिनिटांत आतपर्यंत मुरते. तांदळाचा भात होण्यास पाणी, इंधन व वेळ लागतो. पोहे नुसते भिजवूनही खाता येतात. पोह्यांना अर्धेअधिक शिजलेले अन्न म्हणावे लागते ते याच कारणाने.

भात तुसासह गरम पाण्यात भिजत असल्याने कोंड्यातील पाण्यात विरघळणाऱ्या ब गटातील जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्याच्या आतील भागात उतरतो. मात्र हाच लाभ स्वयंपाकघरात गमावला जाण्याची शक्यता असते. पोहे भरपूर पाण्यात बराच वेळ भिजवून ते पाणी ओतून दिल्यास ही जीवनसत्त्वे त्याबरोबर वाहून जातात. त्यामुळे जाडे पोहे रोळीत किंवा चाळणीत घेऊन कच व कोंडा निघण्यापुरते एकदोनदा धुवावेत आणि निथळत ठेवावेत. कोकणातील पावसाळी हवेत पोहे सादळतात आणि कोंड्याचा अंश अधिक असलेल्या पोह्यांना लवकर खवट वास येतो. हे लक्षात घेऊन ते घट्ट झाकणाच्या डब्यात, बेताच्याच प्रमाणात साठविणे इष्ट होय.

४. जुना झटपट पदार्थ आणि नवा झटपट पदार्थ

पोह्यांचा इतिहास प्राचीन आहे. संस्कृतात त्यांना 'पृथुक' किंवा 'चिपिटक' असे म्हटले जाते व मराठीतील 'पोहे' हा शब्द पृथुकापासूनच आला आहे. चरकसंहितेत पृथुक हे पचावयास जड असल्याचे सांगितले आहे. भागवतातील सुदाम्याची कथा तर सर्वपरिचितच आहे. प्रवासाला निघालेल्या दरिद्री मित्राच्या पदरी बांधून देता येण्याजोगा, न शिजविता खाता येणारा आणि न नासणारा पदार्थ म्हणून पोह्यांची त्या कथेतील निवड स्वाभाविक वाटते.

याच तत्त्वावर आधारलेला एक नवा पदार्थ योगायोगाने रायगड जिल्ह्यातच तयार होऊ लागला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे केलॉग बंधूंनी १८९४ मध्ये शिजविलेले धान्य रुळांमधून चेपून व भाजून त्याच्या पापड्या तयार करण्याची पद्धत शोधली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या कंपनीने १९९४ च्या सुमारास भारतात पदार्पण केले आणि पनवेल तालुक्यातील तळोजे येथे कॉर्नफ्लेक्सचा कारखाना उभारला. पाश्चात्त्य देशांत हे पदार्थ थंड दुधात घालून कुरकुरीत असतानाच खाल्ले जातात. भारतीय घरांत मात्र दूध तापवून घेण्याची रीत आहे. गरम दुधात या पापड्या लगेच मऊ पडतात. आरंभीच्या काळात कंपनीला भारतात आलेल्या अडचणींच्या संदर्भात हे उदाहरण व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासात आजही दिले जाते.

दोन्ही पदार्थांची तुलना करता असे दिसते की, धान्य शिजविणे, चेपणे व वाळविणे हे मूळ तत्त्व समान आहे. कॉर्नफ्लेक्समध्ये सामान्यतः साखर व मीठ यांची भर असते, तसेच काही जीवनसत्त्वे व लोह बाहेरून मिसळलेले असते. पोह्यांत यांपैकी काहीही मिसळलेले नसते. त्यात काय घालावयाचे, हे खाणाऱ्याच्या हाती राहते. पोह्यांची खरी शक्ती या मोकळेपणात आहे. परंतु त्याच कारणाने केवळ पोह्यांवर विसंबणाऱ्याच्या आहारात उणीव राहण्याचा धोकाही संभवतो.

५. लोहाचा आकडा : एका समजाची तपासणी

'पोह्यांत भरपूर लोह असते' हे विधान गृहशास्त्राच्या वर्गांत, आरोग्यविषयक व्याख्यानांत आणि वृत्तपत्रीय लेखांत वारंवार केले जाते. या विधानाला आधार आहे, परंतु तो जुना आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या कोष्टकांत दर १०० ग्रॅम पोह्यांमध्ये २० मिलिग्रॅम लोह असल्याचे नोंदविले होते. ही कोष्टके दीर्घकाळ प्रमाण मानली गेली आणि अनेक पाठ्यपुस्तकांनी हाच आकडा उद्धृत केला. त्याच संस्थेने २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांचे नव्याने पृथक्करण करून 'भारतीय अन्नघटक कोष्टके' प्रसिद्ध केली. त्यांत पोह्यांतील लोहाचे प्रमाण दर १०० ग्रॅमला सुमारे ४.५ मिलिग्रॅम इतकेच आढळते. प्रथिने सुमारे ७.४ ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे ३५३ उष्मांक अशी नोंद आहे.

दोन आकड्यांतील ही तफावत समजून घेण्यासाठी मूळ धान्याकडे पाहणे उपयुक्त ठरते. २०१७ च्याच कोष्टकांनुसार न सडलेल्या तपकिरी तांदळात दर १०० ग्रॅमला सुमारे १ मिलिग्रॅम, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात सुमारे ०.६५ मिलिग्रॅम लोह असते. ज्या धान्यात मुळात एवढे अल्प लोह आहे, त्याच्या पोह्यांत ते कित्येक पटींनी वाढत असेल, तर त्यातील मोठा वाटा बाहेरून आलेला असणार हे उघड आहे. वाळूत भाजणे आणि लोखंडी यंत्रात चेपणे या दोन्ही टप्प्यांवर लोहाचे कण धान्यास चिकटू शकतात. असे बाह्य लोह प्रयोगशाळेतील पृथक्करणात मोजले जाते. परंतु त्यातील किती भाग शरीर शोषून घेते, हा वेगळा प्रश्न आहे. सर्वसाधारणपणे अशा लोहाचे शोषण कमीच होते. यंत्रसामग्री व पद्धतीनुसार हे प्रमाण बदलत असल्यामुळे एका गिरणीच्या पोह्यांचा आकडा दुसरीला लागू पडेलच, असे मानता येत नाही.

या फरकाचे व्यावहारिक महत्त्व एका हिशेबावरून स्पष्ट होईल. एका व्यक्तीच्या न्याहारीसाठी साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात, असे धरू. जुन्या आकड्यानुसार त्यांतून १२ मिलिग्रॅम लोह मिळते, तर नव्या आकड्यानुसार केवळ २.७ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची आवश्यकता असते. म्हणजे जुन्या हिशेबाने बशीभर पोह्यांनी दिवसाच्या गरजेचा सुमारे दोनपंचमांश भाग भागतो, तर नव्या हिशेबाने जेमतेम दहावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्क्यांवर गेले. दर दोन स्त्रियांपैकी एकीहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त असताना 'रोज पोहे खाते, म्हणजे लोह मिळते' या समजावर विसंबून राहणे हितावह नाही. वर्गात बसलेल्या विद्यार्थिनींना जुना आकडा शिकविला जात असेल, तर त्याचा परिणाम उत्तरपत्रिकेपुरता मर्यादित राहत नाही.

याचा अर्थ पोहे निकृष्ट आहेत असा मुळीच नाही. पांढऱ्या तांदळाच्या तुलनेत त्यांत लोह अधिकच आहे. पोह्यांविषयीचा आदर कायम ठेवून त्यांच्याविषयीची अपेक्षा तेवढी वास्तव करावी, एवढेच यातून सूचित होते. निदान झालेल्या रक्तक्षयावर तर न्याहारीतील बदल हा उपचार होऊच शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनची तपासणी व वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेणे आवश्यक असते.

६. उणिवांची भरपाई

पोह्यांच्या न्याहारीत प्रामुख्याने तीन उणिवा राहतात. पहिली प्रथिनांची, दुसरी शोषल्या जाणाऱ्या लोहाची आणि तिसरी धान्यांच्या विविधतेची.

६० ग्रॅम पोह्यांतून सुमारे साडेचार ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीची दैनंदिन गरज सुमारे ४६ ग्रॅम आहे. केवळ पिष्टमय न्याहारी लवकर पचते आणि दोन-अडीच तासांत पुन्हा भूक लागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पोह्यांत २० ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान मूठभर शेंगदाणे घातल्यास जवळजवळ तेवढ्याच प्रथिनांची, आणखी साडेचार ग्रॅमहून थोडी अधिक, भर पडते. सोबत वाटीभर दही घेतल्यास तीन ग्रॅम आणि एक उकडलेले अंडे घेतल्यास सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. मोड आलेले मूग किंवा मटकी फोडणीतच परतून घेतल्यास वेगळे भांडेही लागत नाही. भात निघाल्यावर शेतातील ओलाव्यावर रायगडमध्ये वाल घेतला जातो. पोषणाच्या दृष्टीने तो उत्तम असला तरी मोड आणून बिरडे सोलण्याचे काम वेळखाऊ आहे. सकाळी ते शक्य नसते. आदल्या संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून सोलून ठेवलेले बिरडे मात्र पोह्यांत घालता येते.

लोहाच्या बाबतीत मिळणाऱ्या लोहाचे शोषण वाढविणे हाच सोपा उपाय होय. वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण क जीवनसत्त्वामुळे वाढते आणि चहा-कॉफीतील टॅनिनसारख्या घटकांमुळे घटते. कांदेपोह्यांवर लिंबू पिळण्याची प्रथा म्हणूनच केवळ चवीची नाही. लिंबातील क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने ते कढईत न पिळता ताटात पिळावे. पेरूच्या हंगामात सोबत एखादा पेरू खाल्ल्यास लाभ अधिक होतो. याउलट पोह्यांबरोबरच चहा घेण्याची सर्वत्र रूढ असलेली सवय लिंबाने दिलेले बरेचसे काढून घेते. चहा न्याहारीच्या किमान एक तास आधी किंवा नंतर घेणे श्रेयस्कर ठरते. यासाठी ना अधिक पैसा लागतो, ना अधिक वेळ; बदलावी लागते ती फक्त सवय.

तिसरी उणीव कोकणाच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. येथे दुपारी भात, रात्री भात आणि भाकरीही बहुधा तांदळाचीच असते. सकाळी पोहे म्हणजे तिसऱ्या वेळेसही तांदूळच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्याचा सल्ला देण्यात आला आहे. त्यामुळे आठवड्यातील काही दिवस पोह्यांच्या जागी नाचणी आणणे उपयुक्त होईल. नाचणीत दर १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम व ४.६ मिलिग्रॅम लोह असते. नाचणी हे डोंगरउतारावरील वरकस जमिनीचे पीक असून या जिल्ह्याला ते परके नाही.

७. पर्यायांचा तौलनिक विचार

पेण-रोहा परिसरातील घरांत प्रचलित असलेल्या काही न्याहारींची तुलना पुढील तक्त्यात केली आहे. वेळ साधारण चार माणसांच्या कुटुंबासाठी, प्रत्यक्ष सकाळच्या कामापुरता व अंदाजे दिलेला आहे.

तक्ता क्र. १

| पदार्थ | आदल्या दिवशीची तयारी | सकाळचा वेळ | आवश्यक पूरक |
|---|---|---|---|
| दही-पोहे | काही नाही | ५ ते ७ मिनिटे | शेंगदाणे, फळ |
| दडपे पोहे | नारळ खवून ठेवणे | १० ते १५ मिनिटे | शेंगदाणे, लिंबू |
| कांदेपोहे | मोड आणून ठेवणे | १५ ते २० मिनिटे | मोडाचे कडधान्य, लिंबू |
| नाचणीची आंबील | पीठ ताकात भिजविणे | १० मिनिटे | शेंगदाणे किंवा अंडे |
| तांदळाची उकड | ताक करून ठेवणे | १५ मिनिटे | दही, अंडे किंवा कडधान्य |
| आंबोळी | भिजविणे, वाटणे, आंबविणे | २० मिनिटे | उसळ किंवा चटणी |
| थालीपीठ | भाजणी तयार असणे | २० ते २५ मिनिटे | दही |

तक्त्यावरून दोन बाबी लक्षात येतात. पहिली अशी की, पोह्यांच्या कुटुंबातच वेळेच्या दृष्टीने पुष्कळ वैविध्य आहे. दडपे पोहे हा प्रकार तर धावपळीच्या सकाळसाठीच योजल्यासारखा आहे. पातळ पोहे, खवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मीठ व लिंबू एकत्र कालवून ते थोडा वेळ दडपून ठेवले की, नारळ व कांद्याच्या ओलाव्यानेच पोहे मऊ होतात. येथे विस्तव लागतो तो फक्त फोडणीपुरता. पोहे भिजवून पाणी टाकून देण्याचा प्रश्नच उद्भवत नसल्याने जीवनसत्त्वेही टिकून राहतात. पावसाळ्यात वीज गेलेली असताना किंवा गॅस संपलेला असताना या पदार्थाचे मोल विशेष जाणवते.

दुसरी बाब अशी की, थालीपीठ किंवा आंबोळी हे पोषणाच्या दृष्टीने सरस पर्याय आहेत. त्यांत धान्य व डाळ यांचा संयोग मुळातच साधलेला असतो. परंतु त्यांची तयारी घरातच करावी लागते. जेथे ही तयारी करणारे हात उपलब्ध आहेत तेथे ते अवश्य निवडावेत. जेथे तसे हात नाहीत, तेथे गिरणीने अर्धे काम केलेले पोहे आणि त्यांत विचारपूर्वक घातलेले पूरक पदार्थ हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

पोह्यांच्या पापडांविषयीही येथे एक सूचना आवश्यक वाटते. पेणच्या घरगुती उद्योगांतील हे पापड चवीला उत्तम असले तरी त्यांत मीठ व पापडखार यांचे प्रमाण बरेच असते. न्याहारीला तोंडी लावणे म्हणून भाजलेला एखादा पापड ठीक आहे. न्याहारीचा मुख्य भाग म्हणून मात्र त्याचा विचार होऊ नये.

८. सकाळचे श्रम आणि महाविद्यालयाची भूमिका

झटपट न्याहारीच्या चर्चेत एक गोष्ट बहुधा अनुच्चारित राहते. न्याहारी कितीही लवकर होणारी असली, तरी ती करणारी व्यक्ती प्रायः एकच असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. स्वयंपाक हा या कामांचा मोठा भाग आहे. जी स्त्री सर्वांना न्याहारी देऊन स्वतः गाडी गाठते, तिची न्याहारी बहुधा चहाच्या कपावर आटोपते आणि रक्तक्षयाचे प्रमाणही स्त्रियांमध्येच अधिक असते. गिरणीने वाचविलेला वेळ घरातील कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न त्यामुळे पोषणाचाही प्रश्न आहे. दही-पोहे किंवा दडपे पोहे करण्यास विशेष कौशल्य लागत नाही. घरातील मुलगा, मुलगी, पती यांपैकी कोणीही ते करू शकतो. या पदार्थांचा सर्वांत मोठा गुण कदाचित हाच म्हणावा लागेल.

महाविद्यालयांच्या पातळीवर काही गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. उपाहारगृहात सकाळच्या सत्रात वडापावाबरोबर शेंगदाणे वा मोड घातलेले पोहे लिंबाच्या फोडीसह ठेवता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत न्याहारीची पाळी मुलांकडेही देता येईल. आरोग्य केंद्राच्या सहकार्याने हिमोग्लोबिन तपासणी करून विद्यार्थिनींना तिचे निष्कर्ष समजावून देता येतील. रसायनशास्त्र विभागास स्थानिक गिरण्यांतील पोह्यांच्या लोहाचे पृथक्करण हा पदवी स्तरावरील उत्तम प्रकल्प होऊ शकेल. त्यातून भट्टी, घाणा व लोह यांचा संबंध प्रत्यक्ष तपासता येईल. वाणिज्य विभागास पोहे उद्योगाचा अभ्यास करता येईल. छत्तीसगडमधील भाटापारा, मध्य प्रदेशातील उज्जैन, गुजरातमधील नवसारी ही पोह्यांची मोठी केंद्रे असताना पेण-रोह्याच्या पोह्यांची ओळख कशावर टिकून राहू शकते, हा प्रश्न स्थानिक अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने मोलाचा आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) झटपट न्याहारी म्हणजे श्रमांचा अभाव नव्हे, तर श्रमांचे स्थलांतर होय. पोह्यांच्या बाबतीत हे श्रम गिरणीत होतात आणि ते होताना धान्यात साखर, मीठ वा तेल यांची भर पडत नाही. या दृष्टीने पोहे हा धावपळीच्या सकाळसाठी उत्तम आधार आहे.

२) पोह्यांतील लोहाविषयीचा रूढ समज १९७१ च्या आकड्यावर आधारलेला असून २०१७ चा आकडा त्याच्या एकचतुर्थांशाहूनही कमी आहे. अध्यापनात नव्या आकड्याचा वापर होणे आवश्यक आहे.

३) शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये, दही किंवा अंडे यांच्या साहाय्याने प्रथिनांची, तर ताटात पिळलेल्या लिंबाने व चहा लांबणीवर टाकल्याने लोहशोषणाची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. भातप्रधान आहारात आठवड्यातील काही दिवस नाचणीस स्थान द्यावे.

४) न्याहारी कोणती, या प्रश्नाइतकाच ती कोण करतो आणि करणारी व्यक्ती स्वतः खाते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सकाळच्या घाईत सर्वांत शेवटी जेवणारी, किंवा मुळीच न खाणारी व्यक्ती ज्या निवडीमुळे वेळेवर न्याहारी करू शकेल, ती निवड योग्य मानावी.